जुन्या डेस्कटॉपचा ताप मोजताना

मे महिन्यात भुसावळात पारा ४५ अंशांवर गेला की माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा कॉम्प्युटर भरदुपारी बंद पडायचा. तुमच्याकडेही असं होत असेल तर आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या.

मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) हार्डवेअर मॉनिटर उघडा, सीपीयूच्या तापमानाचा आकडा वहीत लिहा. पुढे पडताळायला तोच लागतो.

लिनक्सवर एलएम-सेन्सर्स (lm-sensors) हा तापमान वाचणारा प्रोग्राम टाकून टर्मिनलमध्ये ‘सुडो सेन्सर्स-डिटेक्ट’ (sudo sensors-detect) चालवा. तो बरेच प्रश्न विचारतो. दरवेळी नुसतं एंटर दाबा. त्याची ठरलेली उत्तरं सहसा सुरक्षित असतात. जिथे ठरलेलं उत्तर ‘नाही’ असेल तिथे हट्टानं ‘हो’ म्हणू नका, जुन्या बोर्डावर मशीन जागीच अडकू शकतं. शेवटी मॉड्यूलची (सेन्सर वाचणाऱ्या ड्रायव्हरची) नावं फाइलमध्ये लिहू का, असं विचारेल. तिथे मात्र ‘no’ लिहून एंटर दाबा. आधी मोडप्रोब (modprobe) या कमांडनं मॉड्यूल हातानं चढवा, दिवसभर मशीन नीट चाललं तरच कायम करा. मी तरी असंच करतो.

आता टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ (sensors) लिहा. एखाद्या ओळीत १२७ किंवा उणे १२८ दिसलं तर घाबरू नका, तिथे बहुधा सेन्सर जोडलेलाच नसतो. सीपीयूचा आकडा वहीतल्याशी ताडून बघा. माझा ८८ अंश होता. सीपीयूवरच्या हीटसिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ काढून, मध्ये उष्णता वाहून नेणारी नवी थर्मल पेस्ट लावली, आता भर उन्हाळ्यातही ६५ च्या आत राहतो.