पापण्यांच्या कडांची सूज वारंवार का उलटते? या चुका टाळा

सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असणे, पापणीच्या केसांच्या मुळाशी खपल्या दिसणे, कडा लालसर राहणे आणि डोळ्यांत काहीतरी खुपत असल्यासारखे वाटणे ही ब्लेफरायटिसची, म्हणजे पापण्यांच्या कडांना येणाऱ्या दाहाची, नेहमीची लक्षणे आहेत. हा विकार सहसा संसर्गजन्य नसतो आणि दृष्टीला क्वचितच धोका पोहोचवतो. मात्र तो अत्यंत चिवट असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बरे वाटू लागताच काळजी घेणे थांबवणे. ब्लेफरायटिस कायमचा बरा होण्यापेक्षा आटोक्यात राहणारा विकार आहे. सुरुवातीचे काही आठवडे रोज दोन वेळा शेक व स्वच्छता करावी लागते आणि लक्षणे ओसरल्यावरही हा क्रम दिवसातून एकदा तरी चालू ठेवावा लागतो. औषध लागू पडले नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात हा क्रमच मध्ये सोडलेला असतो.

शेक घेण्याची पद्धतही बहुतेक वेळा चुकते. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 मायबोमियन ग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि अश्रू लवकर उडून जाऊ देत नाही. दाह असताना हे तेल टूथपेस्टसारखे घट्ट होऊन ग्रंथींची तोंडे बुजवते. ते वितळण्यासाठी सुमारे 40 अंश सेल्सियसची ऊब पाच ते दहा मिनिटे सलग मिळावी लागते. गरम पाण्यात पिळलेले कापड मिनिटा-दोन मिनिटांतच निवते, त्यामुळे एकदाच ठेवलेल्या कापडाचा फारसा उपयोग होत नाही. ते पुन्हा पुन्हा गरम करावे किंवा त्यासाठी मिळणारा उबदार मास्क वापरावा. दुसऱ्या टोकाला जाऊन चटका बसेल इतके गरम कापडही ठेवू नये, कारण पापणीची त्वचा फार नाजूक असते.

शेकानंतर लगेच, तेल पातळ असतानाच, बोटाने हलका मसाज करावा: वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा कडेच्या दिशेने. बुबुळावर दाब देऊ नये, आणि डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास मसाजापूर्वी डॉक्टरांना विचारावे. स्वच्छता सर्वांत शेवटी येते. आधी कडा पुसून नंतर शेक घेतला, तर बाहेर आलेले तेल तिथेच साचते. खपल्या नखाने ओढून काढणे, दोन्ही डोळ्यांना एकच कापूस फिरवणे आणि हात न धुता पापण्यांना स्पर्श करणे याही टाळण्याजोग्या गोष्टी आहेत. दाह वाढलेला असताना कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा मेकअप काही काळ बाजूला ठेवावा; विशेषतः कडेच्या आतल्या बाजूला लावलेले आयलायनर ग्रंथींच्या तोंडांवरच बसते.

थेंबांच्या बाबतीत घरात उरलेली जुनी बाटली ही खरी धोक्याची वस्तू आहे. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली झटपट उतरते, म्हणूनच ते स्वतःच्या मनाने पुन्हा वापरण्याचा मोह होतो. पण दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. केवळ लाली घालवणाऱ्या थेंबांची सवय लागली, तर ते थांबवताच लाली अधिक जोराने परतते.

पापणीच्या केसांच्या मुळाभोवती नळीसारखे पारदर्शक आवरण दिसत असेल, तर डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यांचा संशय घ्यावा लागतो. यावर टी ट्री तेलाचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु शुद्ध तेल डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. या किड्यांवरील उपचार नेत्रतज्ज्ञांनीच ठरवावेत. डोक्यातील कोंडा किंवा चेहऱ्यावरील रोझेशिया (त्वचा लालसर ठेवणारा जुनाट विकार) यांच्याशीही या दाहाचा जवळचा संबंध असतो आणि त्यांवर उपचार न करता फक्त पापण्या धूत राहिल्यास त्रास पुन्हा पुन्हा उलटतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेणाऱ्यांनी ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण त्या औषधाने ग्रंथींचे काम मंदावते.

सूज एकाच डोळ्याला असून महिनोन्‌महिने हटत नसेल, पापणीचे केस गळत असतील किंवा एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तर तो ब्लेफरायटिस आहे असे गृहीत धरू नये. पापणीच्या तेलग्रंथीचा दुर्मीळ कर्करोग सुरुवातीला असाच दिसतो आणि त्याचे निदान तुकडा तपासूनच होते. नजर धूसर होणे, तीव्र वेदना होणे किंवा उजेड सहन न होणे, विशेषतः लहान मुलांमध्ये, ही कॉर्नियापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यापर्यंत, त्रास पोहोचल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी शेक घेत वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.