हँडब्रेक सैल झालाय? लगेच नट आवळू नका

हँडब्रेक ओढताना 'कट-कट' आवाज मोजा. बहुतेक गाड्यांत 4 ते 7 कट-कटीत गाडी जागेवर थांबायला हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. लिव्हर पार वर येत असेल, तर बहुतेक जण थेट लिव्हरखालचा नट आवळतात. इथेच चूक होते. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील तर बऱ्याचदा केबल (लिव्हरपासून ब्रेकपर्यंत जाणारी तार) ठीक असते, झिजलेले असतात ते ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे. म्हणून आधी शू आणि ड्रममधलं अंतर जुळवायचं, केबल सगळ्यात शेवटी.

गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावून, मागचा भाग जॅक स्टँडवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या पक्क्या टेकूवर). नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. हँडब्रेक पूर्ण खाली ठेवून ड्रममधला ॲडजस्टर (हे अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवा. चाक हाताने फिरवताना किंचित घासल्याचा आवाज आला की थोडा मागे घ्या. मग ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा. एवढं करूनही लिव्हर वरच येत असेल तर नट अर्धा-अर्धा फेरा आवळा, दर वेळी कट-कट मोजत.

लिव्हर खाली असताना दोन्ही मागची चाकं मोकळी फिरलीच पाहिजेत. एकच अडकत असेल तर त्या बाजूची केबल गंजलेली असू शकते. तेल मारून तात्पुरतं भागतं, पण ती बदललेलीच बरी. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर मात्र घरी हात लावू नका.