खोक्यांच्या घरातला ग्रॅनोला

नव्या घरातला तिसरा दिवस. स्वयंपाकघरात कमरेइतकी खोकी, आणि त्यातल्या सात खोक्यांवर ताईच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द: ‘किरकोळ’. फोन केला.

“ताई, मापाचे कप कुठे ठेवलेस गं?”

“किरकोळमध्ये बघ ना.”

नाद सोडला. हाताशी एक मग होता, एक मोठं पातेलं, लाकडी उलथनं आणि ओव्हनमध्ये आधीच असलेला ट्रे. ग्रॅनोलाला, म्हणजे तेल-मधात घोळून भाजलेल्या ओट्स आणि सुकामेव्याला, याहून जास्त काही लागत नाही. नव्या घरात मी तोच आधी करते याला आणखी एक कारण आहे: अनोळखी ओव्हनचा स्वभाव तो पहिल्या अर्ध्या तासात उघडा पाडतो. हे केककडून कळण्यापेक्षा ओट्सकडून कळलेलं बरं.

मापाचे कप नाहीत म्हणून अडत नाही, कारण इथे सगळा खेळ प्रमाणाचा आहे. कुठलाही मग घ्या, फक्त शेवटपर्यंत तोच ठेवा. तीन मग ओट्स, एक मग सुकामेवा, अर्धा मग बिया, पाव मगापेक्षा जरा जास्त तेल आणि तेवढाच मध. वर अर्धा छोटा चमचा मीठ आणि एक चमचा दालचिनीची पूड. मीठ वगळू नका, नाहीतर नुसता गोड भुसा होतो. आधी तेल मोजा, मग त्याच मगात मध. तेलकट मगातून मध सुळकन निसटतो, तळाशी चिकटून राहत नाही.

ओट्स रोल्डच हवेत, म्हणजे चपटे आणि अख्खे. झटपट शिजणारे फार पातळ असतात, त्यांचा चुरा होतो. स्टील कट, म्हणजे न चेपता नुसते कापलेले दाणे, दाताखाली खड्यांसारखे येतात. सुकामेवा टाकण्याआधी एक-एक दाणा चावून बघा. सामान बांधाबांधीत तो किती आठवडे कुठे पडला होता हे कुणालाच आठवत नसतं, आणि अक्रोड तर फार लवकर खवट होतो. एक खवट अक्रोड सगळी बरणी वाया घालवतो. मी बदाम आणि अक्रोड निम्मे-निम्मे घेते, ओबडधोबड कापून. बियांमध्ये भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या.

आता ओव्हन. नवाकोरा असेल तर खिडक्या उघडून आधी रिकामाच तापवा, म्हणजे कारखान्यातले तेलकट थर जळून जातील. आमच्याकडचा जुना निघाला, आधीच्या लोकांनी ठेवून गेलेला. मी काहीही न तपासता पहिला घाणा आत सरकवला. वीस मिनिटांनी करपल्याचा वास आला. ट्रे काढला तर तीन कोपरे पांढुरके आणि मागचा डावा कोपरा कोळसा. धुराची घंटा कशी वाजते तेही त्याच दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आधी करायला हवं होतं ते केलं. मधल्या जाळीवर पावाचे स्लाइस शेजारी-शेजारी मांडले, १८० अंशांवर ठेवले आणि दहा मिनिटांनी बघितलं. कुठे रंग गडद आला, कुठे अजिबात आला नाही, ओव्हनचा अख्खा नकाशा समोर. मागच्या डाव्या कोपऱ्यातला स्लाइस काळा ठिक्कर. त्यानंतर ट्रे दर दहा मिनिटांनी पुढचा मागे फिरवते आणि तो कोपरा उलथन्याने आधी हलवते. आत पंखा असलेला ओव्हन असेल तर तापमान वीसेक अंशांनी कमी ठेवा.

भाजायचं १५० अंशांवर. घाईने १८० वर नेऊ नका: मधातली फळशर्करा साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला रंग धरते, त्यामुळे ओट्स आतून कोरडे व्हायच्या आत बाहेरून करपतात. तेल, मध, मीठ, दालचिनी पातेल्यात जेमतेम कोमट करून ढवळा, त्यात कोरडं सगळं घाला आणि ओट्सचा एकही दाणा कोरडा दिसेनासा होईपर्यंत हलवा. ट्रेवर बेकिंग पेपर घालून बोटभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरा. तीस ते पस्तीस मिनिटं, मध्ये दोनदा हलवून.

ढेकळं आवडत असतील तर एका अंड्याचा पांढरा भाग फेसाळ होईपर्यंत फेटून मिश्रणात घाला, थर उलथन्याने घट्ट दाबा आणि मध्ये हलवू नका, नुसता ट्रे फिरवा. मला ढेकळंच हवी असतात. सुटा ग्रॅनोला चमच्यातून सांडतो आणि खोक्यांच्या फटीत जातो.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती झाला की नाही हे ओळखताना. गरम ग्रॅनोला मऊच लागतो. मध गरम असेपर्यंत पातळ असतो, थंड होताना घट्ट होतो, आणि कुरकुरीतपणा तेव्हाच येतो. ओव्हनमध्येच कुरकुरीत व्हायची वाट बघत बसलात तर थंड झाल्यावर हाती कडू चुरा येईल. रंगावर भरवसा ठेवा: कडा खरपूस सोनेरी, मधला भाग त्याहून थोडा फिका, भाजलेल्या बदामाचा खमंग वास. काढा. आणि मग पाऊण तास हात लावू नका. हे कठीण आहे, कारण घरात बसायला खुर्ची नाही आणि वास सगळीकडे. मी तेवढ्यात एक ‘किरकोळ’ उघडला. त्यात पडद्यांचे हुक निघाले.

बेदाणे, जर्दाळूचे तुकडे ट्रे बाहेर आल्यावरच. आधी घातले तर फुगतात, करपतात आणि थंड झाल्यावर दात मोडतील असे होतात. तसा कडकपणा ग्रॅनोलाच्या रक्तातच आहे म्हणा: त्याचा पूर्वज ‘ग्रॅन्युला’ १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स केलेब जॅक्सन यांनी काढला, आणि तो इतका टणक होता की रात्रभर भिजत घातल्याशिवाय खाता येत नसे.

ओव्हन अजून जोडलेलाच नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ओट्स आणि सुकामेवा आठ-दहा मिनिटं कोरडे भाजा, मग तेल-मध ओतून आणखी चार-पाच मिनिटं सतत परता आणि ताटात पसरा. ढेकळं होत नाहीत, पण न्याहारी होते.

पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका; आत वाफ धरली की संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. घट्ट झाकणात दोन-तीन आठवडे टिकतो. मऊ पडलाच तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं परत तापवून गार करा. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध असलेलं काहीच त्याला देऊ नका, भाजलेलंसुद्धा नाही.

कप अकराव्या दिवशी सापडले. कुठल्याही ‘किरकोळ’मध्ये नव्हते, ज्या पातेल्यात मी ग्रॅनोला कालवत होते त्याच्याच झाकणात, कागदात गुंडाळून चिकटवलेले. काखेत कळसा! ताईला फोन केला तर म्हणाली, “बघ, मी नीटच ठेवले होते.” शेवटी माझा तो मग कपाने मोजला: सव्वा कप मावतो.