सीझरला तिसऱ्या अंकापर्यंत जगू द्या: वर्गात शेक्सपिअर शिकवताना या चुका टाळा

आयसीएसई बोर्डाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्याच्या वाट्याला शेक्सपिअर येतोच. बरीच वर्षं ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ होतं, अलीकडे ‘जुलिअस सीझर’ आहे. जूनमध्ये कोरं पुस्तक हातात पडतं आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत निम्म्या वर्गाला ते नकोसं झालेलं असतं. मग आपण स्टाफरूममध्ये चहा पिताना सगळा दोष चारशे वर्षं जुन्या इंग्रजीवर ढकलतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. नंतर लक्षात आलं की मुलं भाषेवर अडतात त्यापेक्षा जास्त आपल्या पद्धतीवर अडतात. आपण नाटकाचा धडा करतो.

पहिला आठवडा चरित्रात घालवणं

जन्म १५६४, गाव स्ट्रॅटफर्ड, नाटकांचा पहिला संग्रह ‘फर्स्ट फोलिओ’ १६२३ साली. हे फळ्यावर लिहून दिलं की आपल्याला शिकवल्याचं समाधान मिळतं, पण मुलांच्या हाती काही लागत नाही. पार्श्वभूमी सांगायचीच तर एक किस्सा पुरतो. थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी लंडनला आला होता. २१ सप्टेंबर १५९९ रोजी जेवण उरकून तो थेम्स ओलांडून पलीकडे गेला, गवताने शाकारलेल्या एका नाटकगृहात त्याने सीझरचं नाटक पाहिलं आणि प्रवासवर्णनात त्याची नोंद केली. नाटक संपल्यावर चौघे नट सुंदर नाचले, दोन पुरुषी वेशात आणि दोन बायकी वेशात, असंही तो लिहितो. इतके खून आणि आत्महत्या झाल्यावर नाच? मुलं ताठ बसतात. बायकी वेशातही पुरुषच का, हा प्रश्न आपोआप येतो आणि रंगभूमीवर स्त्रिया नसण्याची गोष्ट न शिकवता शिकवून होते.

ओळीला ओळ अर्थ सांगत जाणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती करणारे बहुतेक सगळे प्रामाणिक शिक्षक असतात. एक ओळ वाचायची, तिचा सोप्या इंग्रजीत अर्थ सांगायचा, मग पुढची. तास संपेपर्यंत बारा ओळी होतात आणि प्रवेशात काय घडलं हे कोणालाच सांगता येत नाही.

‘सीझर’चा पहिलाच प्रवेश घ्या. रोमच्या रस्त्यावर काम टाकून हिंडणाऱ्या कारागिरांना दोन अधिकारी दरडावत असतात. त्यांतला एक जण एका कारागिराला विचारतो, तुझा धंदा काय? तो म्हणतो, मी खराब ‘सोल्स’ दुरुस्त करतो. ऐकणाऱ्याला वाटतं आत्मे, त्याला म्हणायचे असतात जोड्यांचे तळवे. पुस्तकात मात्र शब्द एकाच स्पेलिंगने छापलेला, त्यामुळे वाचणाऱ्याला कोटी कळण्याआधीच फोडून मिळते. इथे अर्थ सांगायला गेलात की विनोद गेला. त्याऐवजी पुस्तकं मिटायला लावा. तिघांना पुढे बोलवा, दोघे अधिकारी, एक चांभार. प्रवेश दोनदा ऐकवा आणि एकच प्रश्न विचारा: कोण कोणावर चिडलंय आणि चांभार घाबरलाय का? उत्तर निम्म्याहून जास्त मुलं बरोबर देतात, एकही शब्दार्थ न सांगता. मग पुस्तक उघडायचं आणि जिथे खरोखर अडतं तेवढेच शब्द सोडवायचे.

डावीकडे मूळ आणि उजवीकडे सोपं इंग्रजी अशी पुस्तकं बाजारात मिळतात. मी ती बंद करत नाही, करून उपयोगही नसतो. पण प्रवेश वर्गात होईपर्यंत ती दप्तरातच राहतील असा नियम आहे, कारण एकदा उजवं पान वाचलं की डावीकडे कोणी वळत नाही.

बाकावरून बाकावर वाचन

पहिल्या बाकाने चार ओळी वाचायच्या, मग दुसऱ्याने. सीझरविरुद्धच्या कटातला ब्रूटस एका पानात सात आवाजांत बोलतो आणि ज्याची पाळी झाली तो खिडकीबाहेर बघतो. भूमिका आदल्या दिवशी वाटून द्या, मुलींना ब्रूटस आणि त्याला कटात ओढणारा कॅशियस द्या, आणि एक प्रवेश संपेपर्यंत आवाज बदलू नका.

वाचन रटाळ होण्याचं आणखी एक कारण असतं. मुलं प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतात. वाक्य पुढच्या ओळीत सरकलेलं असतं, पण कविता म्हटली की ओळीअंती थांबायचं ही सवय पहिलीपासूनची. उपाय नटांच्या तालमीतला आहे: चालत वाचायचं आणि प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलायची. स्वल्पविरामाला वळा, पूर्णविरामाला थांबा, ओळ संपली तरी चालत राहा. कॅशियसचं भाषण असं वाचताना मुलाला गरगरतं, आणि हा माणूस आतून किती खदखदतोय हे तिथेच कळतं. जागा नसेल तर व्हरांड्यात जा. शेजारच्या वर्गाची तक्रार येईल, ती झेलायची.

छंदाचं मात्र जपून. मराठीत लघु-गुरू शिकलेली मुलं लगेच ‘लगा लगा’ करून मोकळी होतात. ढोबळ मानाने ते जुळतंही. पण आपल्याकडे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ मोजतात आणि तिकडे आघात, एवढा फरक सांगून पुढे जा. ओळीचे पाच ठोके बाकावर वाजवता आले की पुरे.

मराठीला वर्गाबाहेर उभं करणं

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, हा नियम शेक्सपिअरपुरता तरी मोडा. ‘दाऊ’ आणि ‘यू’ हा भेद आजच्या इंग्रजीपुरता विचार करणाऱ्याला समजावून द्यावा लागतो, मराठी मुलाला तो घरूनच येतो: तू आणि तुम्ही. ‘मर्चंट’च्या पहिल्या अंकात व्यापारी अँटोनिओ ज्यू सावकार शायलॉककडे कर्ज मागायला येतो. शायलॉक त्याला आधीच्या अपमानांची आठवण करून देतो, तुम्ही मला कुत्रा म्हणालात, माझ्या अंगरख्यावर थुंकलात, आणि हे सगळं ‘यू’ म्हणत. अँटोनिओ उत्तर देतो ते ‘दी’ (‘दाऊ’चंच रूप) म्हणत, तुला पुन्हा तसंच म्हणेन, पुन्हा थुंकेन. कर्ज मागणारा अरेतुरे करतोय आणि देणारा अहोजाहो. प्रवेश मराठीत करून घ्या, व्याकरणाचं वेगळं काही सांगावं लागत नाही. फक्त एक सावधगिरी: आपण आईला आणि विठ्ठलालाही तू म्हणतो, तसा ‘दाऊ’ही नेहमी तुच्छतेचा नसतो. कोण कोणाला म्हणतोय ते पाहा. आणि ज्युलिएटचं ‘वेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, ‘का’. ती रोमिओला शोधत नाहीये, तो नेमका शत्रूच्या घरचा का, असं विचारतेय.

सीझरच्या खुनानंतर त्याचा मित्र अँटनी जमावासमोर बोलतो आणि मारेकरी ब्रूटसला पुन्हा पुन्हा ‘ऑनरेबल’ म्हणतो. त्या भाषणात तर मराठीने माझी मोठीच सोय केली. ‘ऑनरेबल’ला मुलांनी आदरणीय, सज्जन, थोर असे शब्द सुचवले. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ‘मिस, माननीय!’ चौकाचौकातल्या फ्लेक्सवर वाचून वाचून तो शब्द इतका झिजलाय की ‘माननीय ब्रूटस’ तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत वर्ग हसायला लागला. उपरोध म्हणजे काय, ही टीप त्या वर्षी लिहून द्यावी लागली नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. मराठीतून शेक्सपिअरकडे जाण्याची वाट आपल्या पोरांनी आज पाडलेली नाही.

अँटनीच शिकवणं, ब्रूटस गाळणं

ब्रूटसचं भाषण पाठ करायला कंटाळवाणं म्हणून उरकलं जातं. पण ब्रूटस गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात, हे शेजारी शेजारी ऐकल्याशिवाय अँटनीची जादू कळत नाही. उरलेल्या वर्गाला गर्दी करा आणि गर्दीची वाक्यं त्यांच्याकडूनच ओरडून घ्या. ब्रूटसचं संपल्यावर गर्दीतला एक ओरडतो, यालाच सीझर करा! कोणी राजा होऊ नये म्हणून ज्याने खून केला, त्याला. हे वाक्य पुस्तकात नजरेतून सुटतं, पण वर्गात कोणी ओरडलं की दुसरा कोणीतरी हमखास म्हणतो, ‘अरे, पण मग मारला कशाला?’

शायलॉकचा निकाल लावून टाकणं

काही शिक्षक त्याला खलनायक करतात, हल्ली काही जण निव्वळ बळी करतात. दोन्हींत नाटक सपाट होतं. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्येच हाकललं होतं, म्हणजे शेक्सपिअरच्या बहुतेक प्रेक्षकांनी उघडपणे ज्यू म्हणून राहणारा माणूस पाहिलेलाच नसणार. आपल्याकडे उलट. कोकणातले बेने इस्रायली ज्यू घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. ते मराठीच बोलत. रायगडकडच्या मुलांना हे सांगितलं की ‘ज्यू’ हा शब्द पुस्तकातून निघून शेजारच्या आळीत येतो. मग शायलॉकचं ‘आम्हाला डोळे नाहीत का’ वाचा, आणि त्याच भाषणाचा शेवट सूडावर होतो तेही वाचा. खटल्याच्या शेवटी त्याला धर्म बदलायला लावतात. ते चार ओळींत संपतं म्हणून आपणही घाईत पुढे जातो. तिथे थांबा. खटल्यात वकिलाच्या वेशात आलेल्या पोर्शियाच्या दयेवरच्या भाषणानंतर हे घडतंय, हे मुलांना दिसू द्या.

किरकोळ, पण नेहमीचं

‘सीझर’च्या दुसऱ्या अंकात घड्याळाचे टोले पडतात. रोममध्ये टोले देणारं घड्याळ कुठून आलं, असं कोणीतरी विचारणारच. ‘परीक्षेत नाही’ म्हणू नका. शेक्सपिअरच्या ग्लोब नाटकगृहातले नट बरेचसे आपल्याच काळाच्या कपड्यांत रोमन व्हायचे, हे सांगायला याहून चांगली संधी नाही.

सिनेमा आधी दाखवू नका. १९५३ च्या ‘जुलिअस सीझर’मधला मार्लन ब्रँडोचा अँटनी उत्तम आहे, पण तो आधी पाहिला की तीस पोरं ब्रँडोची नक्कल करतात. स्वतः करून झाल्यावर फक्त ते भाषण दाखवा.

परीक्षेतली गफलत बहुतेकदा दोन सिन्नांची असते. एक कटातला, दुसरा कवी. दुसऱ्याला जमाव केवळ नावावरून पकडतो. मी कवी आहे, तो सिन्ना मी नव्हे, असं तो सांगतो, तर त्याला वाईट कवितांसाठी फाडा, असं उत्तर येतं. हा प्रवेश लहान म्हणून वगळला जातो. मी तो भाषणांच्याच तासाला, न थांबता घेते, गर्दीतली तीच मुलं घेऊन. पाच मिनिटांपूर्वी ती ‘माननीय’वर हसत होती.