इन्सुलिन रेझिस्टन्स किती आहे ते कसं काढायचं

इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. तो मोजायला सगळ्यात सोपं म्हणजे होमा-आयआर नावाचं गणित, १९८५ पासून चालत आलंय. रात्रभर ८ ते १२ तास उपाशी राहायचं (पाणी चालतं) आणि सकाळी एकाच वेळी काढलेल्या रक्तातून ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही करायला सांगायचं, मग दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागायचं. समजा शुगर ९९ मिलिग्रॅम आणि इन्सुलिन १२ मायक्रोयुनिट, तर ११८८ भागिले ४०५, म्हणजे साधारण २.९. ग्लुकोज मिलीमोलमध्ये दिलं असेल तर मात्र २२.५ ने भागायचं, इथेच लोक गंडतात. आता २.९ जास्त की कमी? सगळीकडे चालेल असा एकच कटऑफ नाहीये, टेस्टची पद्धत बदलली की इन्सुलिनचा आकडाही बदलतो, म्हणून परत करायची तर त्याच लॅबमध्ये करा. इन्सुलिनची इंजेक्शनं चालू असतील तर हे गणित सोडूनच द्या.

रिसर्चवाले क्लॅम्प नावाची टेस्ट करतात. ठराविक रेटने शिरेतून इन्सुलिन, सोबत ग्लुकोजचं सलाईन, दर ५-१० मिनिटांनी शुगर बघून सलाईनचा स्पीड कमीजास्त करत ती ९० च्या आसपास धरून ठेवायची, दोनेक तास तरी. शेवटच्या अर्ध्या तासात ग्लुकोज जितकं कमी लागलं तितका रेझिस्टन्स जास्त. गोल्ड स्टँडर्ड हेच, पण ओपीडीत कोण करत बसणार!