डाउनलोड मोजायला बसलात? आधी 206 ओळखा

हवामानाच्या किंवा खगोलशास्त्राच्या डेटा सर्व्हरवर नवा माणूस रुजू झाला की त्याच्या गळ्यात हमखास पडणारं काम म्हणजे, ‘वार्षिक अहवालात टाकायला डाउनलोडचा आकडा काढून दे.’ ग्रेप आणि ऑक (लॉग चाळायच्या कमांड) तुम्हाला येत असेल, अपाचे या वेब सर्व्हरचा लॉगही वाचता येत असेल, असं धरून लिहिते आहे.

आल्या दिवशी लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग बाजूला काढून ठराविक काळाने पुसणारं साधन, बघा. डेबियन-उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये अपाचेचा लॉग रोज फिरतो आणि जुन्या 14 फाइलीच शिल्लक राहतात. अहवाल मार्चमध्ये मागतील तेव्हा एप्रिलचा लॉग कुठून आणणार? आज बाकी काही जमलं नाही तरी चालेल, जुने लॉग जपायची एवढी सोय कराच.

आता खरा खड्डा. लॉगची एक ओळ म्हणजे एक डाउनलोड नव्हे. पावसाची 1,600 एमबीची नेटसीडीएफ (वैज्ञानिक डेटाचा एक प्रकार) फाइल कुणी 8 एमबीच्या तुकड्यांत ओढली की लॉगमध्ये 200 ओळी पडतात. आयपी तोच, फाइल तीच, बाइट्सचा रकानाही तोच आणि स्टेटस 200 (पूर्ण फाइल) ऐवजी 206 (फाइलचा फक्त तुकडा). माणूस एक, फाइल एक, ओळी दोनशे. डाउनलोड मॅनेजर असंच करतात, आणि पायथनमधून थेट सर्व्हरवरची फाइल उघडणारेही. बरं, 206 सरसकट गाळून टाकावेत, तर मोठ्या फाइली वापरणारी खरी मंडळीच गायब होतात! माझे कित्येक आठवडे इथेच गेले.

संशोधन डेटासाठी 2018 साली काउंटरची, म्हणजे ऑनलाइन वापर मोजायचे समान नियम ठरवणाऱ्या संस्थेची, आचारसंहिता आली. एकाच वापरकर्त्याने तीच फाइल 30 सेकंदांच्या आत पुन्हा मागितली तर ती एकदाच मोजायची, हा तिचा नियम चांगला आहे. पण तीन तास रखडत उतरणाऱ्या फाइलीपुढे 30 सेकंद काय पुरणार? म्हणून मी आयपी, यूजर एजंट (मागणाऱ्या ब्राउझरचं किंवा प्रोग्रॅमचं नाव), फाइल आणि तारीख मिळून एक नोंद धरते आणि बाइट्सची बेरीज शेजारी वेगळी ठेवते. नेमका कोणता तुकडा गेला ते नेहमीच्या लॉगमध्ये येतच नाही; त्यासाठी लॉगफॉरमॅटमध्ये (लॉगचे रकाने ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) रेंज हेडर, म्हणजे मागितलेल्या तुकड्याची नोंद, आजच जोडून घ्या, मागच्या तारखेने तो मिळत नाही.

बाइट्सचीही गोम आहे. अपाचे 2 मध्ये टक्का-बीचा (%b) रकाना उत्तराचा आकार सांगतो, प्रत्यक्ष किती गेलं ते नाही. कुणी अर्ध्यात कनेक्शन तोडलं तरी आकडा पूर्णच दिसू शकतो. अपाचेचं मॉड-लॉगआयओ हे मॉड्यूल चालू करून टक्का आणि कॅपिटल ओ (%O) वापरा. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर ही कटकट नाही.

तयार आलेख काढून देणाऱ्या टूलवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. रंगीत चित्र साहेबांना आवडतं आणि मग तोच आकडा दरवर्षी पाळावा लागतो. ‘डब्ल्यूगेट, कर्ल (कमांडने फाइल उतरवणारी साधनं) म्हणजे बॉट, उडवा’ हा सल्ला तर कुणाचाही ऐकू नका, तो गाईडने दिला तरी. आपले अर्धे शास्त्रज्ञ रात्री स्क्रिप्ट लावून घरी जातात. काउंटरही क्रॉलर वगळायला सांगतं, पण वापरकर्त्याने स्वतः चालवलेली स्क्रिप्ट ‘मशीन’ या वेगळ्या रकान्यात मोजतं. खरं शिकायचं असेल तर सिस्टीम अ‍ॅडमिनबरोबर चहा प्या. कच्चा लॉग त्यांनीच पाहिलेला असतो.

माणसं मोजायच्या फंदात मात्र पडू नका. एका नॅटमागे, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून वापरलेल्या एकाच आयपीमागे, अख्खं विद्यापीठ बसलेलं असतं. ‘वेगवेगळे आयपी’ असंच लिहा, ‘वापरकर्ते’ नको.

आकडा जुळत नाही म्हणून घाबरूनही जाऊ नका, सुरुवातीला कुणाचाच जुळत नाही. एका दिवसाचा लॉग घ्या, बाइट्सची बेरीज करा आणि नेटवर्कवाल्यांच्या त्याच दिवसाच्या आलेखाशी ताडून बघा. थोडा फरक राहणारच. दुपटीचा निघाला तर पुन्हा 206 कडे वळा.