माळकऱ्याच्या डब्यात अंडाकरी: चूक मुळातून काढायची जपानी पद्धत

वाळूज एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीत शिरा, भिंतीवर फाइव्ह एस (जागा आवरून नीट लावायची रीत), कायझेन (थोडी थोडी सुधारणा), पोका-योके (चूक होऊच न देणारी युक्ती) असे जपानी पद्धतींचे बोर्ड लटकलेले दिसतील. ऑडिट जवळ आलं की त्यांच्यावरची धूळ पुसली जाते. मी एका व्हेंडर कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते, तिथं या पद्धती पत्र्याच्या पार्टसाठी वापरायचो. आता बजाजनगरात खानावळ चालवते. हिंगोली, परभणी, बीडकडून कामाला आलेली एकटी पोरं, घरचे गावी ठेवून राहणारे ऑपरेटर, यांचे डबे असतात. त्याच पद्धती आता डब्यांना लावते, आणि पार्टपेक्षा डब्याला त्या जास्त लागू पडतात असं माझं मत झालंय. खराब पार्ट रात्री फोन करत नाही, गिऱ्हाईक करतं.

सगळ्यात अवघड काम सुरुवातीलाच आहे, ते म्हणजे प्रश्न नीट लिहिणं. 'डब्यांचा नुसता गोंधळ चाललाय' ही तक्रार झाली. 'बुधवारी सेकंड शिफ्टच्या डब्यांत एका माळकऱ्याच्या डब्यात अंडाकरी गेली' हा प्रश्न झाला. काय झालं, कुठं, कधी, किती, एवढंच लिहायचं. त्यात माणसाचं नाव आणू नका. आणि उपायही आणू नका. 'अजून एक पोरगं कामाला ठेवायला पाहिजे' हे वाक्य प्रश्नाचा सदरा घालून आलेला उपाय आहे. तसं लिहिलं की पुढचा सगळा विचार पगाराच्या हिशोबातच अडकतो.

कारण शोधायच्या आधी त्या दिवसाचं निस्तरायचं. माळकऱ्याला दुसरा डबा पाठवायचा, हात जोडून माफी मागायची, बाकीच्या माळकऱ्यांना फोन करून 'डबा उघडू नका' सांगायचं. तुळशीची माळ घातलेल्या माणसासाठी ही साधी चूक नसते. पण पुष्कळ ठिकाणी गाडी इथंच थांबते. माफी मागितली, पोराला झापलं, संपलं. पुढच्या बुधवारी तेच.

दुसरं काम म्हणजे जागेवर जाऊन बघणं. टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांच्याबद्दल सांगतात, की ते इंजिनिअरला शॉपवर खडूनं काढलेल्या गोलात उभं करायचे आणि 'इथून बघ' म्हणून निघून जायचे. काही तासांनी येऊन विचारायचे, काय दिसलं? घरात हे करून बघा. बाई स्वयंपाकघरात हाताची घडी घालून नुसती उभी राहिली की सगळे विचारतात, बरं नाही का? तरी उभं राहायचं. कशाला हात लावायचा नाही, कुणाला टोकायचं नाही, फक्त डबा कुठून कुठं जातो ते बघायचं. तुम्ही टोकायला लागलात की माणसं तुमच्यासाठी काम करायला लागतात आणि खरं काम दिसेनासं होतं.

उभं राहिल्यावर जे दिसतं त्यावर मग 'का' विचारायचं. ही पाच वेळा 'का'ची रीत टोयोटात ओनोंनी रुजवली. आमच्या डब्याचं असं झालं. अंडाकरी माळकऱ्याकडे का गेली? कारण अंड्याच्या डब्यावर त्याच्या नावाचं झाकण बसलं. का बसलं? पोरगं ढिगातून हाताला येईल ते झाकण उचलून लावत होतं.

बहुतेक लोक थांबतात ते इथं. पोरगं सापडलं. मी म्हणते, माणसाचं नाव आलं की समजायचं आपण अर्ध्या वाटेवर आहोत. अजून एकदा विचारा. पोरगं हाताला येईल ते झाकण का लावतं? कारण झाकण काढल्यावर खालचे सगळे डबे सारखेच दिसतात, कुठला कुणाचा हे कळायला मार्ग नाही. का नाही? नाव फक्त झाकणावर मार्करनं लिहिलेलं. डब्यावर का नाही लिहिलं? डबा तारेच्या घासणीनं घासतात, अक्षर दोन दिवस टिकत नाही. आता हाताशी काहीतरी आलं. झाकण काढल्यापासून ते परत लागेपर्यंत डब्याला ओळखच नव्हती. त्या जागी मी स्वतः उभी राहिले असते तरी कधी ना कधी झाकण बदललंच असतं.

साखळी बरोबर जमली का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. खालून वर 'म्हणून' लावून वाचा. घासल्यावर अक्षर टिकत नाही, म्हणून नाव झाकणावरच लिहितात, म्हणून उघडा डबा ओळखू येत नाही, म्हणून झाकणं बदलतात, म्हणून माळकऱ्याकडे अंडं जातं. कुठं अडखळलात तर ती कडी अंदाजानं घातलेली आहे, पुन्हा जागेवर जाऊन बघा. आणि पाच हा आकडा काही देवानं सांगितलेला नाही. कधी तीनमध्ये काम होतं, कधी सात लागतात.

उपाय शोधताना 'लक्ष देऊन काम करा' असा बोर्ड लावायचा मोह होतो. लावू नका. बोर्ड वाचून लक्ष राहत असतं तर वाळूजमध्ये एकही पार्ट रिजेक्ट झाला नसता. इथं जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांचं काम बघण्यासारखं आहे. १९६१ साली यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत, आणि कधीमधी एक बसवायची राहून जायची. ताकीद देऊन फरक पडेना. शिंगोंनी पद्धत बदलली. आधी खोक्यातून दोन स्प्रिंग काढून बशीत ठेवायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली की त्याच क्षणी कळतं. खर्च एका बशीचा.

आमची बशी म्हणजे एक फळी. माळकऱ्यांचे डबे त्या फळीवर. ते आधी भरायचे, झाकण लावायचे, पिशवीत घालायचे. फळी रिकामी झाल्याशिवाय अंड्याच्या पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही, आणि त्याचा डावही वेगळा. शिवाय भांड्याच्या दुकानात जसं लग्नाच्या भांड्यांवर नाव कोरून देतात, तसा प्रत्येक डब्यावर आणि त्याच्या झाकणावर एकच नंबर कोरून घेतला. नंबरानं चूक लवकर दिसते, फळीनं ती होतच नाही. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर फळी निवडा.

पैठण तालुक्यात आमचं शेत आहे, कापूस आणि मोसंबी. दीर बघतात. एकदा सकाळी त्यांचा फोन, "वहिनी, मोटार जळाली बगा परत." रिवायंडिंगवाला म्हणाला लाईट खराब आहे, दीर म्हणाले नशीब. ओनोंनी दिलेलं जे प्रसिद्ध उदाहरण आहे तेही योगायोगानं असंच आहे. मशीन बंद पडलं, कारण जास्त लोड येऊन फ्यूज उडाला. लोड आला कारण बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. तेलाचा पंप नीट ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता. झिजला कारण पंपाला गाळणी नव्हती आणि लोखंडाचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा उडाला असता. आपल्याकडे वर्षानुवर्षं फ्यूजच बदलतात, तोही तारेचा तुकडा घालून.

तर मोटार. वाइंडिंग का जळालं? एक फेज गेला, मोटार दोनवरच गुरगुरत राहिली, करंट वाढला. स्टार्टरनं तोडलं का नाही? करंट वाढला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले पार शेवटच्या आकड्याला फिरवून ठेवलेला. तसा का ठेवला? नेमप्लेटवरच्या अँपिअरला ठेवला की व्होल्टेज कमी झाल्यावर सारखा ट्रिप व्हायचा. ट्रिप झालेला का चालत नव्हता? थ्री फेज लाईट रात्रीची, विहिरीवर अंधारात साप-विंचवातून जाऊन परत चालू कोण करणार? म्हणून रिले ढिला आणि वर 'ऑटो' बसवलेला, लाईट आली की मोटार आपोआप चालू.

या साखळीत दिरांचा दोष शोधायला गेलं तर सापडेलही, पण रात्री दोनला विहिरीवर जायला कुणालाही नकोच वाटणार. अजून एक पायरी खाली गेलो तर लागतं, व्होल्टेज कमी का? डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड जास्त. त्याच्याही खाली बरंच काही आहे. पण तिथं आपला हात पोचत नाही. अर्ज द्यायचा, पाठपुरावा करायचा, आणि उपाय मात्र शेवटच्या अशा कडीवर करायचा जी आपल्या हातात आहे. रिले नेमप्लेटच्या आकड्यावर, सोबत एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर, विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर मोटार कोरडी फिरू नये म्हणून ड्राय रन प्रिव्हेंटर, आणि रात्री जायलाच लागू नये म्हणून फोनवरून मोटार चालू करणारा मोबाईल स्टार्टर. हा शेवटचा उपाय विसरला असता तर महिन्याभरात कुणीतरी रिले पुन्हा ढिला केला असता. माणसानं संरक्षण काढून टाकलंय असं दिसलं की ते त्याला कुठं टोचत होतं हे आधी बघा.

बंद पडणं वाईट, चालत राहणं चांगलं, अशी आपली समजूत असते. यंत्रमाग बनवणारे जपानचे साकिची टोयोडा यांनी नेमकं उलटं केलं. पैठणच्या मागावर धागा तुटला तर विणकराला तो डोळ्यानं दिसतो, हात थांबतो. यंत्रमागाला डोळे नसतात, तो तुटल्या धाग्यावर वारभर कापड खराब करत जातो. टोयोडांचा १९२४ चा जी टाइप माग धागा तुटला की स्वतः थांबायचा. ट्रिप होणारा रिले म्हणजे त्याच जातीचा. घरातही असं थांबवणारं काही आहे का बघा. गॅस बंद आहे का हे आठवत बसण्यापेक्षा बाहेरच्या कुलपाची चावी रेग्युलेटरच्या शेजारच्या खिळ्याला अडकवा. चावी घेताना हात तिथंच जातो.

फाइव्ह एसवर लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगते. सगळं घर आवरायला काढू नका. एकच जागा घ्या, जिथं शोधाशोध जास्त होते. बहुतेक घरांत ती कागदांची असते. सातबारा, आठ-अ, पीकविम्याची पावती, पोरांचे दाखले. प्रत्येकाची वेगळी फाईल, फाईलच्या कडेला नाव, आणि सगळ्या फाईलींवरून एक तिरकी रेघ मारायची, म्हणजे एक काढली की रेघ तुटलेली दिसते. नको वाटणाऱ्या वस्तूला कारखान्यात लाल टॅग लावून ठरावीक मुदत देतात, तसं घरी करायचं असेल तर सासूबाईंच्या पेटीपासून सुरुवात करू नका.

बदल केल्यावर तो टिकला का हे बघावं लागतं. करण्याआधी काय अपेक्षा आहे ते लिहायचं, करायचं, मोजायचं, जमलं तर भिंतीवर चिकटवायचं. आमच्याकडे फळीवर डब्यांचा फोटोच लावलाय, कारण नवीन मावशीला वाचता येईलच असं नाही. मोजून सुधारायची ही शिस्त निव्वळ जपानी नाही बरं. अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी १९५० साली जपानात जाऊन शिकवलं आणि जपान्यांनी १९५१ पासून त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू केलं. कामगारांनीच गट करून आपल्या कामातले प्रश्न सोडवायचे, ते क्वालिटी सर्कल आपल्याकडे आलं ते १९८० साली, भेल (बीएचईएल) या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात. जपानात ते १९६२ मध्ये सुरू झालं, काओरु इशिकावा यांच्या पुढाकारानं.

त्याच इशिकावांची माशाच्या काट्याची आकृती आमच्या भिंतीवर सध्या आहे, कारण या प्रश्नाला सरळ साखळी लागत नाही. ज्वारीची भाकरी दुपारच्या सुट्टीपर्यंत कडक होते, असा प्रश्न आहे. एका प्रश्नाला खूप कारणं दिसत असतील तेव्हा ही आकृती काढा. डोक्याशी प्रश्न लिहायचा आणि काट्यांवर माणूस, मशीन, माल, पद्धत. माल: ज्वारी मालदांडी की हायब्रीड, पीठ ताजं की आठवड्याचं. जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. पद्धत: पाणी गार की उकळतं, भाकरी गरम असतानाच डब्यात घालतो की वाफ जाऊ देतो. मशीन: तवा, गॅसची आच. माणूस: दोन मावशींच्या थापण्यात जाडीचा फरक. काटे भरताना सगळ्यांना बोलू द्यायचं, मावशींना आधी.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पीठ आणि पाणी एकदम बदललं आणि भाकरी मऊ राहिली, तर श्रेय कुणाचं ते कधीच कळत नाही. परत आलेल्या डब्यांत भाकरी उरली असेल तर वहीत एक रेघ, पाचवी रेघ आडवी. पिठाची पाळी झाली. रोज दळलेल्या मालदांडीनं रेघा कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. सोमवारपासून पीठ तेच ठेवून उकळत्या पाण्याची पाळी आहे. जाडीचं नंतर बघू, कारण दोघी मावशी म्हणतात की जाड थापणारी दुसरी आहे.